ख्रिस्ती माणसाची जमीन नक्की कुणाची? त्याची, देवाची की सरकारची?

वाडीवाला
नमस्कार मंडळी. विषय जरा जड आहे, पण आमच्याकडे वसईत सध्या जेवताना रोज हाच चालू असतो म्हणून धागा काढतोय. आमच्या वाडीच्या कडेने रस्ता रुंद होणार आहे, लाल खुणा मारून गेलेत, केळीची एक अख्खी ओळ आणि विहिरीचा कठडा त्यात जातोय. चुलत भावाचं म्हणणं, दहा आज्ञांत 'चोरी करू नको' आहे म्हणजे देवानेच खाजगी मालकी मान्य केली, सरकारला बोट लावायचा अधिकार नाही, आणि खरं बघायला गेलं तर कर पण चोरीच. दुसरीकडे आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपातले एक काका म्हणतात, पहिल्या ख्रिस्ती लोकांनी शेतं-घरं विकून पैसे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, पायाशी ठेवले, सगळं सामाईक होतं, तेव्हा खरा ख्रिस्ती माणूस समाजवादीच असला पाहिजे. दोघे रविवारी एकाच बाकावर बसतात आणि दोघांकडे बायबलची वचनं पाठ.
तर प्रश्न असा की ख्रिस्ती शिकवण खाजगी मालमत्तेच्या बाजूने आहे की विरोधात, आणि सरकारने त्यात कुठपर्यंत यावं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, जमिनीचं दुखणं सगळ्यांचं सारखंच.

फुकट_सल्ला
काका आणि भाऊ एकाच बाकावर, म्हणजे आधी त्या बाकाची मालकी ठरवा 😄

खुला_बाजार
तुमच्या भावाशी सहमत. मी मूळ पापडीचा, सध्या दुबईत. बायबलमधलं १ राजे २१ वाचा. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा होता. त्याने बदल्यात चांगला मळा देऊ केला, पैसे देऊ केले, म्हणजे आजच्या भाषेत मोबदला दिला. नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन देणार नाही. मग राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार करून मारलं आणि राजा ताबा घ्यायला गेला. देवाने एलिया संदेष्ट्याला कुणाच्या विरोधात पाठवलं? राजाच्या. आणखी काय पुरावा पाहिजे. १ शमुवेल ८ मध्ये तर शमुवेल संदेष्टा लोकांना स्पष्ट सांगतो, राजा मागताय ना, तो तुमची उत्तम शेतं आणि मळे घेऊन आपल्या चाकरांना देईल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल. आम्ही दहाव्या हिश्श्यात खूश झालो असतो, आजचा टॅक्स बघा.

फुकट_सल्ला
दुबईत बसून टॅक्सला शिव्या, मज्जा आहे. तिथे राजा आहे ना, त्याला १ शमुवेल ८ वाचून दाखवा एकदा.

धर्मशिक्षण_टीचर
खुला_बाजार, नाबोथाची गोष्ट बरोबर सांगितलीत पण अर्धी. नाबोथ "माझा मळा, माझी मर्जी" असं म्हणत नव्हता. त्याच्या मते ती जमीन विकायचा हक्क त्याला स्वतःलाही नव्हता. कारण लेवीय २५:२३ मध्ये देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता. दर पन्नासाव्या वर्षी योबेल, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत. म्हणजे तुम्ही विकत होतात ती पुढच्या योबेलपर्यंतची पिकं, जमीन नव्हे. आता सांगा, असा कायदा उद्या आपल्याकडे आला तर सगळ्यात आधी कोर्टात कोण जाईल? बिल्डर आणि खुला_बाजार 🙂
आणि वाडीवाला, तुमच्या काकांनाही सांगा की पुढचा अध्याय वाचा. प्रेषितांची कृत्ये ५. हनन्या आणि सप्पीरा यांनी शेत विकून थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे दिले असं दाखवलं. पेत्र त्याला काय विचारतो? विकण्याआधी ते तुझंच होतं ना, विकल्यावरही पैसे तुझ्याच हातात होते ना? गुन्हा खोटेपणाचा होता, पैसे ठेवण्याचा नव्हता. म्हणजे यरुशलेमच्या मंडळीतही देणं ऐच्छिक होतं. त्यावरून थेट सरकारी समाजवाद काढता येत नाही.

खुला_बाजार
धन्यवाद टीचर, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून ठेवतो.

धर्मशिक्षण_टीचर
पहिला पण करा.

अलिबागचा_पांढरा_कांदा
मी हिंदू, पण हे वाचून विनोबा आठवले. विनोबांचं गाव गागोदे, आमच्याच जिल्ह्यात, पेण तालुक्यात. १९५१ मध्ये भूदान सुरू केलं तेव्हा घोषणा होती सबै भूमि गोपाल की. तुमच्या लेवीय २५ मध्ये आणि यात फरक तो काय.
मात्र 'जमीन देवाची' असं म्हटलं की मला भीती पण वाटते, कारण मग देवाच्या वतीने पावती फाडणारा कुणीतरी उभा राहतोच. आमच्याकडे खोत होते. पिकवायचा कूळ, आणि खोत दारात येऊन धान्य मोजून न्यायचा, वर फणस-आंबा-कोंबडी वेगळी. अलिबागजवळ चरीला १९३३ ला शेतकऱ्यांनी संप केला, नारायण नागू पाटील पुढारी, १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या, लोकांनी जंगलातली लाकडं विकून दिवस काढले. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती रद्द करायचं विधेयक विधिमंडळात मांडलं. शेवटी १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आता खुला_बाजार यांच्या हिशेबाने सरकारने खोताची खाजगी मालमत्ता चोरली का? आमचे आजोबा कूळ होते, त्यांना विचारलं असतं तर पायतान घेऊन मागे लागले असते.

खुला_बाजार
खोती मुळात सरकारनेच दिलेली वसुलीची सनद होती, ती कमावलेली मालमत्ता नव्हती. त्यामुळे ती काढून घेण्याला माझा विरोध नाही. कष्टाने कमावलेल्या आणि सनदेने मिळालेल्या गोष्टीत फरक करा.

अलिबागचा_पांढरा_कांदा
हा मुद्दा चांगला आहे, मान्य. मग पोर्तुगीजांच्या काळात आणि नंतर पेशवाईत मिळालेल्या इनामांचं काय करायचं तेही सांगा, अर्धा कोकण हलेल.

मालवणी_तिरफळ
तुमी सगळे मालकीर भांडतास, आमच्या हय सातबाऱ्यार चाळीस नावां आसत, तेतूरली तीस मुंबयत आणि पाच देवाघरी. झाडाची फांदी तोडूक गेलंय तरी भावकी जमता. खाजगी मालमत्ता म्हणजे काय ता आमका आजून म्हायतच नाय 😂
बरं मस्करी सोडून. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ हय 'कबुलायतदार गावकर' म्हणान जमिनी आसत. गावान सामाईक कसलेली जमीन, आणि मगे सातबाऱ्यार महाराष्ट्र शासन लागला. लोकांची कित्येक वर्सां तेच्यासाठी भांडणां. म्हणजे सरकार आणि एकटो मालक असे दोनच प्रकार नाय, मधी गाव म्हणान पण कायतरी आसा. बायबलात गावाचा काय आसा की नाय?

मिशन_कंपाऊंड
तिरफळ, तुझा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. मी वेंगुर्ल्याचा, आम्ही प्रॉटेस्टंट, अमेरिकन मिशनच्या चर्चमधले. आमच्या बाजूचा इतिहास सांगतो, फार अभिमानाने नाही. १५२५ मध्ये जर्मनीत शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहिल्या, प्रत्येकीला बायबलचा आधार दिला. त्यातली एक अशी की गावाची सामाईक कुरणं जमीनदारांनी बळकावलीत, ती गावाला परत द्या. जंगलाचं आणि मासेमारीचंही तसंच. आमचा पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या लूथरने सुरुवातीला जमीनदारांनाही सुनावलं, पण उठाव पेटल्यावर शेतकऱ्यांना ठेचा म्हणून लिहिलं, आणि ते हजारोंनी मारले गेले. त्याचा आधार रोमकरांस पत्र १३, अधिकारी देवाने नेमलेले, कर द्या. हेच १३ वं प्रकरण पुढे प्रत्येक हुकूमशहाने भिंतीवर लावलं.
त्याच काळात हटराइट म्हणून एक पंथ निघाला, ते आजही कॅनडा-अमेरिकेत आहेत, खाजगी मालमत्ता ठेवतच नाहीत, शेती सामाईक, जेवण एका हॉलमध्ये. पण सरकारी पदं घेत नाहीत, सैन्यात जात नाहीत. म्हणजे मालमत्तेबाबत एकदम डावे आणि सरकारबाबत खुला_बाजारच्याही पुढे. त्यामुळे ख्रिस्ती म्हणजे डावा की उजवा हा प्रश्न मला जरा चुकीच्या पट्टीने मोजल्यासारखा वाटतो.

पानवेल_निर्मळ
हे हटराइट लोक पाण्याच्या पाळीवरून भांडतात का? आमच्याकडे सख्खे भाऊ एका विहिरीवर भांडतात.

धर्मशिक्षण_टीचर
मिशन_कंपाऊंड यांनी प्रॉटेस्टंट बाजू सांगितली, मी कॅथलिक बाजू थोडी सविस्तर लिहिते, लांब होईल, कंटाळा आला तर सोडून द्या.
तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न फार व्यवहारी पद्धतीने सोडवलाय. खाजगी मालकी का हवी? तर माणूस स्वतःच्या वस्तूची जास्त काळजी घेतो, कुणाचं काय ते ठरलेलं असलं की गोंधळ होत नाही, आणि जो तो आपल्यात समाधानी असला की भांडणं कमी. पण ही झाली सांभाळायची पद्धत. वापर करताना ती वस्तू सगळ्यांची आहे असं समजून गरजूला द्यायची तयारी पाहिजे. ते तर इथपर्यंत जातात की उपासमारीने मरायला टेकलेल्याने दुसऱ्याचं अन्न घेतलं तर ती चोरीच नाही.
मग १८९१ ला पोप लिओ तेरावे यांचं 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक. त्यात समाजवाद्यांच्या विरोधात खाजगी मालमत्तेचा जोरदार बचाव आहे, खुला_बाजार खूश होतील. पण त्याच पत्रात मजुराला कुटुंब चालेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, दोघांनी राजीखुशीने करार केला म्हणून कमी मजुरी न्याय्य ठरत नाही, संघटना करायचा हक्क आहे, आणि गरिबाला राखणं हे सरकारचं खास काम, कारण श्रीमंताकडे स्वतःचं संरक्षण असतं, असंही आहे. १९६७ ला पोप पॉल सहावे यांनी तर सरळ लिहिलं की खाजगी मालमत्ता हा कुणाचाही बिनशर्त हक्क नाही. जॉन पॉल दुसरे म्हणायचे, मालमत्तेवर समाजाचं गहाण आहे. म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कात समाजाचा बोजा चढवलेला समजा.
आता तिरफळ यांचं 'मधलं गाव'. १९३१ च्या परिपत्रकात पोप पायस अकरावे म्हणतात की लहान संस्था जे स्वतः करू शकतात ते मोठ्या संस्थेने ओढून घेणं हा अन्याय आहे. घराने करण्यासारखं गावाने करू नये, गावाने करण्यासारखं वरच्यांनी करू नये. वसईकरांना हे शिकवायला नको. २००९ ला महापालिका झाली तेव्हा गावं त्यात घालू नका, आमची ग्रामपंचायत राहू द्या म्हणून केवढं आंदोलन झालं, २९ गावांचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात होता. त्यातल्या किती जणांनी पायस अकरावे वाचले होते? कुणीच नाही, पण मागणी तीच होती.

पानवेल_निर्मळ
टीचर, एक नंबर. फादर दिब्रिटोंची आठवण आली. हरित वसई या पर्यावरण आंदोलनाच्या वेळी ते हेच सांगायचे की जमीन, विहिरी, पाणी हे फक्त मालकाचं नसतं. टँकरवाल्यांना पाणी विकणारे पण आपलेच मालक होते हो, विहीर माझी म्हणून उपसली आणि शेजारच्याची मचूळ झाली. तिथे सरकार नको होतं का?

खुला_बाजार
भूगर्भातलं पाणी सामाईक आहे हे मी मान्य करतो. पण एक उदाहरण सांगून प्रत्येक ठिकाणी सरकार घुसवायचं हे बरं नाही. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठासमोर मुंबईच्याच प्रकरणात बहुमताने सांगितलंय की प्रत्येक खाजगी मालमत्ता म्हणजे 'समाजाची भौतिक साधनं' (जी सर्वांच्या हितासाठी वाटायला सरकार धोरण करू शकतं) असं सरसकट धरता येणार नाही.

वकीलबाय
बरोबर, पण त्याच निकालात काही खाजगी मालमत्ता त्यात येऊ शकते हेही आहे, साधन कसलं आहे, दुर्मीळ आहे का, थोड्यांच्या हातात एकवटलंय का हे बघून. कुणी अर्धाच निकाल फॉरवर्ड करू नका. आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने गेला, आता कलम ३००अ, कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही एवढंच.

फुकट_सल्ला
माझा आवडता भाग कुणी काढलाच नाही. उत्पत्ती ४७. दुष्काळात योसेफाने धान्य देऊन लोकांचे आधी पैसे, मग गुरं, मग जमीन असं सगळं मिसरचा राजा फारो याच्या नावावर करून घेतलं, आणि मग त्यांनाच कसायला देऊन पिकाचा पाचवा हिस्सा लावला. म्हणजे सगळ्यात मोठं भूसंपादन एका संतमाणसाने केलं. आणि कुणाची जमीन सुटली? पुरोहितांची 😇

अलिबागचा_पांढरा_कांदा
😂😂 हे आमच्या देवस्थान जमिनीवाल्यांना पाठवतो.

पानवेल_निर्मळ
हसू नका, चर्चच्या जमिनीवर पण बोललं पाहिजे. आपण सरकारला विचारतो, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) जमिनीचा हिशेब किती जण विचारतात? ट्रस्ट आहे, धर्मादाय आयुक्त आहे, सगळं कागदावर आहे, पण सभेला माणसं दहा.

धागासंचालक
चर्चच्या जमिनीसाठी वेगळा धागा काढा. इथे विषयाला धरून.

अर्नाळा_डोलकाठी
मी कोळी, हिंदू, पण आमच्या किनाऱ्यावर दोन्ही धर्माचे मच्छीमार आहेत म्हणून लिहितो. तुम्ही सगळे जमीनवाले आहात म्हणून तुम्हाला सरकार म्हणजे खुणा मारणारा माणूस वाटतो. समुद्राला सातबारा नाही. तिथे नियम नसला तर मोठी पर्ससीन (थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची) बोट येते आणि एका रात्रीत थवाच्या थवा उचलते, छोट्या होडीवाल्याला जाळं धुवायचं काम राहतं. १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा आहे, २०१६ ला पर्ससीनवर बंधनं आली, पण राबवायला माणूस आणि गस्ती बोट पाहिजे. आम्हाला सरकार जास्त नको असं नाही, आमच्याकडे ते पोचतच नाही. खुला_बाजार साहेब, मासा कष्टाने पकडला तर तो पर्ससीनवाल्याचाच ना? मग आमचं काय.

खुला_बाजार
याला माझ्याकडे पटकन उत्तर नाही. विचार करून लिहितो.

फुकट_सल्ला
तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

मिशन_कंपाऊंड
डोलकाठी यांचा मुद्दा धरून एक. रोमकरांस १३ मध्ये अधिकारी 'तुझ्या हितासाठी' देवाचा सेवक आहे असं लिहिलंय, मग हित केलं नाही तर? त्याचं उत्तर पेत्राने दिलंय, माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, प्रेषितांची कृत्ये ५:२९. गंमत म्हणजे हनन्या-सप्पीराच्याच अध्यायात. त्यामुळे कर बुडवायला बायबल नाही पण हरकत घ्यायला नक्की आहे.

वाडीवाला
सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून काका आणि भाऊ दोघांना दिली. भाऊ म्हणतो नाबोथ जिंकला, काका म्हणतात पोप पॉल जिंकले. पण माझी अडचण तशीच. रस्त्याला विरोध करू की नको? शाळेची बस वळत नाही, अँब्युलन्स अडकते हे मलाही दिसतं. पण त्याच रस्त्याने उद्या टॉवर येणार हेही दिसतं.

धर्मशिक्षण_टीचर
मग तेच विचारा. अहाबाला मळा स्वतःच्या भाजीसाठी हवा होता, गावाच्या अँब्युलन्ससाठी नाही. किती मीटर, कशासाठी, शेजारच्या मोठ्या प्लॉटवाल्याची खूण पण तेवढीच आत आहे का? बहुतेक वेळा गरिबाच्या बाजूला रस्ता वाकतो, तिथे नाबोथ आठवा.

वकीलबाय
आता कामाचं सांगते. शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्यातलं कलम १२६ बघा, पैसे, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकाम) यातलं काय देतायत ते लेखी घ्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर बाजारभावाच्या हिशेबावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. मोजणीचा नकाशा मागा, तोंडी काही मान्य करू नका, विहीर आणि झाडांची वेगळी नोंद करून घ्या.
आणि एक प्रश्न. सातबाऱ्यावर नावं कुणाची आहेत?

वाडीवाला
बाबा गेल्यावर आईचं, माझं आणि धाकट्याचं. का?

वकीलबाय
बहिणी?

वाडीवाला
दोघी आहेत, लग्न होऊन गेल्या. वारस नोंद करताना तलाठ्याकडे तेव्हा जे सांगितलं ते लागलं.

वकीलबाय
आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आईला एक तृतीयांश आणि उरलेल्याचे मुलगा-मुलगी सगळ्यांना समान वाटे, लग्न झालेलं असो नसो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर मोबदल्यात त्या दोघींचा हिस्सा आहे. सरकारने घेतलं की लुटलं, आणि भावांनी घेतलं की रीत, असं कसं चालेल? गणना २७ वाचा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या, आम्हाला भाऊ नाही म्हणून बापाचं वतन का जावं विचारलं, आणि देव म्हणाला मुली बरोबर बोलतात. तिथे भाऊ नव्हता म्हणून मिळालं, इथे भाऊ असला तरी मिळतं, कायदा मोशेच्याही पुढे आहे.

फुकट_सल्ला
रस्त्यावरचा धागा वकीलबायनी घरात आणला. अर्धे पुरुष सभासद ऑफलाइन दिसतायत.

खुला_बाजार
पण बहिणींनी राजीखुशीने सोडलं असेल तर?

वकीलबाय
माहेरची दारं बंद होतील म्हणून केलेली सही राजीखुशीची की नाही, ते टीचरनी वर लिओ तेराव्यांच्या मजुरीबद्दल लिहिलंय तिथे बघा. सोडायचं तर सोडू देत, आधी त्यांचं आहे हे सांगा तरी.

वाडीवाला
मोठी बहीण हा फोरम वाचते.

मालवणी_तिरफळ
मेलंस 😂 चाळीस नावांत आजून दोन. ओ डोलकाठी, तुमच्याकडे बांगडो कसो चललो सध्या?

अर्नाळा_डोलकाठी
३१ जुलैपर्यंत बंदी आहे, विसरलात का? सुका खा.